घर-शिवार : वैशाखाचे ऊन आणि वऱ्हाडाची वाट



या आठवड्यात खरे तर उन्हाळी नांगरटीविषयी लिहायचे ठरवले होते. पण सकाळी देवळीतल्या लग्नपत्रिका काढून मोजल्या, तर निघाल्या सतरा! महिनाभरात सतरा लग्ने. त्यांतली निम्मी भर दुपारच्या मुहूर्ताची आणि बहुतेक सगळी वीस-तीस कोसांच्या आत-बाहेरची. म्हणजे आपल्यासारख्या घरांतून आता रोज कोणी ना कोणी मोटारसायकलवर, ट्रॅक्टरवर, काळीपिवळीत बसून उन्हातान्हाचे निघणार. म्हटले, नांगरट आठवडाभर थांबेल, वऱ्हाड काही थांबणार नाही. तेव्हा आज ऊन आणि रस्ता, या दोघांविषयी बोलू. दोघे वेगवेगळे वाटतात, पण उन्हाळ्यात त्यांची जोडी जमते. कशी, ते आमच्याच घरचे सांगतो.

पत्रिका वाटायला गेलेला पोरगा

गेल्या वर्षी वैशाखात माझ्या पुतणीचे लग्न होते. तिचा थोरला भाऊ पुण्याकडे कारखान्यात कामाला. आठ दिवसांची रजा काढून आला आणि दुसऱ्याच दिवशी पत्रिकांची पिशवी हँडलला अडकवून निघाला. त्याची आई म्हणाली, "अरे, दोन घास खाऊन जा." तो म्हणाला, "माय, जाईल तिथं खातोच की!" हेल्मेट घरात होते. मी आठवण दिली तर म्हणाला, "काका, या उन्हात डोकं शिजून निघंल." तरी माझ्या शब्दाखातर घेतले, पण डोक्यात नाही घातले, टाकीवर ठेवले.

पाच गावे झाली. गेला त्या घरी चहा झाला. आपली रीतच आहे, दारी आलेल्या पाव्हण्याला चहाशिवाय जाऊ देत नाहीत. दुपारपर्यंत सात-आठ कप चहा पोटात गेला, पाणी मात्र नावापुरते. तीनच्या सुमारास परत फिरला. गावापासून चार किलोमीटरवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गाडी सरळ रस्त्यावरून खाली चारीत गेली.

लोक जमले. पोरगा उठून बसला, पण बडबडायला लागला. स्वतःचे गाव सांगता येईना, उभे राहायला जावे तर झोकांड्या जात. पाहणाऱ्यांत कोणीतरी म्हणाले, "लगनाचा सीझन हाय, दुपारपासूनच घेतलेली दिसते." झाले! एकदा दारूचा शिक्का बसला की माणूस माणसाजवळ जात नाही. दुसरा म्हणाला, "हात लावू नका, पोलीस केस हाय." दहा मिनिटे माणसे नुसती उभी होती.

पलीकडच्या रानात बाया धसकटे वेचीत होत्या. त्यांतली एक म्हातारी आली. तिने त्याच्या कपाळाला हात लावला आणि ओरडली, "अरे, तव्यावानी तापलंय लेकरू! दारू कशाची!" तिने आपली प्यायच्या पाण्याची घागर त्याच्या डोक्यावर, छातीवर रिती केली. सोबतिणीने लुगड्याच्या पदराने वारा घातला. मग मात्र माणसे हलली. कोणी बाभळीच्या सावलीत नेले, कोणी १०८ ला फोन लावला. ग्रामीण रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टर म्हणाले, "पाणी आधी ओतलं हे फार बरं झालं. तसाच तापलेला आणला असता तर सांगता आलं नसतं." डोक्याला अकरा टाके पडले. हेल्मेट टाकीवरून उडून चारीत पडले होते, त्याला ओरखडाही नव्हता.

ती म्हातारी संध्याकाळपर्यंत पाण्यावाचून राहिली असेल, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचले.

या एका गोष्टीत उन्हाचे आणि रस्त्याचे सगळे धडे आहेत. एकेक करून पाहू.

शहरातून आलेला माणूस उन्हाला नवा

आपले शरीर घाम गाळून थंड राहते. घाम वाळला की अंगातली उष्णता जाते, पण त्याबरोबर पाणी आणि मीठही जाते. रोज उन्हात राबणाऱ्याच्या शरीराला हे हळूहळू जमते. ही सवय लागायला आठवडा ते पंधरवडा जातो. रजेवर आलेला पोरगा, माहेरी आलेली लेक, आजारातून उठलेला गडी यांना पहिल्या दिवसांत धोका जास्त. त्यांना पहिल्याच दिवशी दिवसभराचे काम सांगू नका. तासा-दोन तासांपासून सुरुवात करून वाढवत न्या.

पाऱ्याविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवा. हवामान खाते जो पारा सांगते, तो पांढऱ्या झडपांच्या पेटीत, म्हणजे सावलीत मोजलेला असतो. मैदानी भागात पारा ४० किंवा त्यापुढे गेला आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंश वर असला, की खाते उष्णतेची लाट म्हणते. पारा ४५ ला पोचला तर सरासरी बघतच नाहीत. किनारपट्टीला ३७ पासूनच विचार होतो, कारण तिकडे हवा दमट, घाम वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला मोठा जाहीर कार्यक्रम भर उन्हात झाला. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आत होता. तरी उन्हाने १४ जणांचे प्राण गेले. तेव्हा 'आपल्याकडे अजून पंचेचाळीस कुठे झाले' असे म्हणून बसू नका.

मोटारसायकलवर तर ऊन फसवते. वारा लागतो, घाम लगेच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेले ते कळत नाही. आणि हवाच अंगापेक्षा तापलेली असली की तो वारा गार करीत नाही, भट्टीच्या फुंकणीसारखा तापवतो.

बैलाला नियम आहे, माणसाला?

ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांविषयी केंद्र सरकारचे १९६५ सालचे नियम आहेत. ज्या भागात पारा ३७ अंशांच्या वर जातो, तिथे दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर गाडीला जुंपू नये, असे त्यात लिहिले आहे. आपल्या जुन्या माणसांना हे नियमाशिवायही ठाऊक होते. दिवस डोक्यावर आला की औत सुटायचे. बैल सावलीला गेला की गडीही जायचा. ट्रॅक्टर आला आणि ही रीत मोडली. लोखंडाला ऊन लागत नाही, पण वर बसलेल्या माणसाला लागते! तेव्हा औत सुटण्याची जुनी वेळ आपण आपल्यासाठीच पाळू. पहाटे लवकर जावे, अकराच्या आत परतावे, उरलेले काम चारनंतर.

हळद शिजवणाऱ्यांना तर वरून ऊन आणि खालून जाळ. त्यांनी हे काम रात्री किंवा पहाटे काढावे. एकाच माणसाला कढईपाशी सतत उभे करू नये, आळीपाळीने बदलावे.

पाणी : किती नाही, कधी

तहान लागायची वाट पाहू नका. उन्हात काम असेल तर दर अर्ध्या तासाला पेलाभर पाणी घ्या. नुसत्या पाण्याने गेलेले मीठ भरत नाही, म्हणून मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, लिंबाचे सरबत, ज्वारीची अंबील हे सगळे आपले घरचेच औषध. क्षारसंजीवनीची पुडी मिळाली तर एक पुडी एक लिटर पाण्यात, त्याहून कमी पाण्यात नाही. पुडी नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, छोटा. ज्यांना रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मिठाचे आणि पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात ती तशीच घ्यायची का, तेही विचारावे.

आता पाव्हणचाराचे. दारी कोणी उन्हातून आले तर आधी गूळ-पाणी, मग ताक, आणि चहा शेवटी. आपल्या आज्या हेच करीत होत्या. आमच्या पुतण्याला पाच गावांत एकाने जरी तांब्याभर ताक दिले असते, तर ती घागर रिती करावी लागली नसती.

आणि बायांनो, एक बोलू का? रानात आडोसा नाही, प्रवासात सोय नाही, म्हणून तुम्ही दिवसदिवस पाणी पीत नाही. हे मला आमच्या घरातल्या बायांनीच सांगितले. त्यातून लघवीची जळजळ, ताप आणि पुढे मूत्रपिंडाचे दुखणे होते. हा दोष तुमचा नाही, सोय न करणाऱ्यांचा आहे. रानात चार तट्टे उभे करून आडोसा करणे हे घरातल्या पुरुषाचे अर्ध्या दिवसाचे काम. लग्नाच्या मांडवापाशीही बायांची सोय आधी पाहा, मग बँडवाला ठरवा.

अंगावरचे लेकरू सहा महिन्यांच्या आतले असेल तर त्याला वरचे पाणी नको. दूधच जास्त वेळा पाजावे आणि आईने पाणी भरपूर प्यावे. म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही, त्यांना हातात पेला द्यावा लागतो. पत्र्याच्या घरात दुपारी त्यांना एकटे ठेवू नका. पत्र्यावर कडबा किंवा तुराट्या पसरल्या, नाहीतर चुन्याचा पांढरा हात दिला, तरी आत बराच फरक पडतो. फक्त कडब्यापासून चूल आणि विजेची तार लांब असू द्या.

दारू की ऊन? आधी हात लावून पाहा

डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, खूप घाम ही पहिली सूचना. अशा माणसाला सावलीत आडवे करून, पाय थोडे वर ठेवून सरबत द्यावे. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर दवाखाना.

पण अंग तापून निघाले, माणूस भलतेच बोलू लागला, झटके आले, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात. अंग कोरडेच असते असे नाही. राबणाऱ्या माणसाला घामही असू शकतो. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचे. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत हात बांधून उभे राहू नका. कपडे सैल करा, सर्वांगावर पाणी ओता, वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासात जाते. तापाची गोळी या तापाला लागू पडत नाही. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, त्याने नुकसान नाही. पण कांद्याच्या भरवशावर भर दुपारी निघू नका.

आणि केसची भीती मनातून काढा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ सालीच अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातच आले. जखमीला मदत करणाऱ्याला नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून केंद्राची योजनाही आहे. अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळावेत अशी तिच्यात तरतूद आहे. जखमीला नेल्यावर रुग्णालयात तिची चौकशी जरूर करा.

हेल्मेट टाकीला कशाला?

डोके शिजते ही तक्रार खोटी नाही. त्यावर उपाय आहे. आत पातळ सुती रुमाल ओला करून बांधा, पुढची काच वर ठेवा आणि हनुवटीचा पट्टा आवळा. पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याच्या आधी उडून जाते. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, म्हणजे मागे बसलेल्या कारभारणीलाही, ते कायद्याने लागते.

मागे बसणाऱ्या बायांनी पदर आणि ओढणी खोचून घ्यावी. गाडीच्या मागच्या चाकाला जाळी असते, तिला आपण साडीगार्ड म्हणतो. ते नुसते शोभेचे नाही, १९८९ च्या नियमांत ते सांगितलेले आहे. पोरे गाडी हलकी दिसावी म्हणून ते काढून टाकतात. आजच घरी जाऊन बघा, आपल्या गाडीला आहे का.

टायरमधली हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, घासतो, आतून तापतो आणि तापलेल्या डांबरावर फुटतो. तापलेल्या टायरची हवा मात्र सोडू नका.

ट्रॅक्टर आणि वऱ्हाड

ट्रॉलीतून माणसे नेणे कायद्याला मान्य नाही, आणि काही झाले तर विम्याच्या भरपाईलाही अडचण येते. तरी आपण नेतो, हे मला माहीत आहे. मीही एकेकाळी नेले आहे. आता नेत नाही. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टर थांबला तरी मागचा भार ढकलतो, आणि उतारावर तो ढकलत ढकलत ट्रॅक्टरला आडवा करतो.

ट्रॅक्टरच्या ब्रेकची दोन पेडले असतात. शेतात जागच्या जागी वळायला एकेक दाबतो, म्हणून ती सुटी ठेवतो. रस्त्यावर येताना दोन्ही खटक्याने जोडलीच पाहिजेत. नाहीतर घाईत एकच दाबले जाते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. उतारावर डिझेल वाचवायला गियर काढू नका. मडगार्डवर पोर बसवू नका. ट्रॉलीच्या मागे लाल पट्टी आणि दिवा हवाच. वाटेत बिघडली तर चाकाला लावलेले दगड निघताना उचला. ते दगड रात्री कोणाच्या तरी पोराची वाट बघत पडलेले असतात. डांबरी रस्त्यावर धान्य वाळत घालतो, त्याचेही तेच.

मग वऱ्हाड न्यायचे कसे? एसटीने. मार्च २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना तर फुकट. हिशेब करून बघा. जीप ठरवली तर आत मावतील तेवढीच माणसे बसवा आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावा. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथराव मुंडे यांना अपघातात मृत्यू आला. ते गाडीत मागे बसले होते, आणि पट्टा असता तर कदाचित वाचले असते, असे त्या वेळी बोलले गेले. आज शेतकऱ्यांच्या अपघाती मदतीच्या राज्य सरकारच्या योजनेला त्यांचे नाव आहे. मृत्यू झाल्यास घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. पण दोन लाखांनी दारातला माणूस परत येत नाही.

गोरज मुहूर्त

पुतण्या चौथ्या दिवशी घरी आला. लग्नाचा मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा होता. माझा भाऊ, वरपिता आणि गुरुजी असे आम्ही ओसरीवर बसलो. मी म्हटले, "जनावरं घरी यायच्या वेळेचा गोरज मुहूर्त आपल्या वाडवडिलांनी काही उगीच शोधला नाही." गुरुजींनी पंचांग उघडले आणि संध्याकाळचा गोरज काढून दिला. पत्रिका तर वाटून झाल्या होत्या. मग फोनाफोनी केली. थोडी कुरकूर झाली, पण लग्नादिवशी जो तो म्हणत होता, "बरं केलंत!"

संध्याकाळचे लग्न म्हणजे रात्रीचा परतीचा रस्ता, हेही खरे. जेवणावळी उठून दिवस मावळल्यावर, हळदीच्या जागरणाचे डोळे घेऊन गाडी हाकणे उन्हाइतकेच वाईट. म्हणून आम्ही शाळेच्या मैदानात सतरंज्या अंथरल्या, पाण्याचे माठ भरून ठेवले आणि लांबच्या वऱ्हाडाला हात जोडून मुक्कामी ठेवले. ज्यांनी 'थोडी' घेतली होती, त्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या वहिनींनी ओच्यात बांधल्या. पहाटे चहा-पोहे करून उजेडात सगळ्यांना वाटेला लावले.

त्या म्हातारीला आम्ही लग्नाला बोलावले होते. पुतण्या स्वतः गेला. तिला लुगडे दिले, आणि सोबत नवी घागर. ती हसून म्हणाली, "घागर कशाला रे? माजी हाय की." तिने घागर परत केली आणि म्हणाली, "रस्त्याला ठिव. येनारा-जानारा पील."

ती घागर आम्ही त्या बाभळीखाली मांडली आहे. वर ओले फडके आणि बाजूला ओगराळे. रोज सकाळी ती भरायचे काम माझ्याकडे आहे. तुमच्याही वाटेवर असे एखादे झाड असेल. बघा काही जमते का.

पुढच्या आठवड्यात नांगरटीचे. तोवर सांभाळून जा, सावलीने या.